सुटा कॉस्टिक सोडा: दोष पदार्थाचा की बाटलीचा?

मूळ मुद्दा, फोंडा
हुर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) मोसमात जमलेल्या पाण्याच्या जुन्या बाटल्या आमच्या घरांत वर्षभर नाना कामांना येतात, आणि त्यांतलीच एखादी मोरी साफ करण्यासाठी कालवलेल्या कॉस्टिक सोड्याच्या, म्हणजे तीव्र अल्कलीच्या, पाण्याने भरून ओट्याखाली ठेवली जाते. हे द्रावण नितळ आणि बिनवासाचे असते, म्हणून कुणी ते पाणी समजून पिऊ शकते. खोबरेलाचा साबण ज्या क्रियेने होतो, तीच क्रिया ते अन्ननलिकेत घडवते: पेशींतील चरबीचा साबण होतो, प्रथिने विरघळतात, आणि आम्लाने भाजल्यावर जी खपली पुढचे भाजणे काहीसे अडवते ती येथे धरतच नाही, म्हणून इजा स्नायूंच्या थरापर्यंत उतरते. कॉस्टिकची सुटी विक्री सरळ बंद करावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद, डिचोली
मला हे मान्य नाही. आमच्या वाड्यावरच्या बायका घरच्या खोबरेलाचा साबण करून विकतात; त्यांनी कॉस्टिक कोठून आणावा? अमेरिकेत शेव्हॅलियर जॅक्सन या घसातज्ज्ञाने जळलेल्या अन्ननलिकांची मुले वर्षानुवर्षे तपासली आणि कायद्यासाठी लढा दिला. १९२७ साली झालेल्या त्या कायद्याने विक्री थांबवली नाही, डब्यावर विषाची सूचना सक्तीची केली. मुलांना सहज न उघडणाऱ्या झाकणांचा कायदा १९७० सालचा.

प्रतिसाद, पेडणे
कायदे होतील तेव्हा होतील. घरात भिरंडीचे (कोकमाचे) आंबट आगळ असतेच, ते लगेच पाजावे. अल्कलीवर आम्ल, हे शाळेतच शिकवतात.

प्रतिसाद, मडगाव
कृपया असे काही करू नका. अल्कली आणि आम्ल एकत्र आले की उष्णता निर्माण होते, आणि इजा तर पहिल्या काही क्षणांतच होऊन गेलेली असते. मीठपाणी पाजून उलटीही काढू नये, कारण तेच द्रावण भाजलेल्या नळीतून दुसऱ्यांदा वर येते. तोंड धुवावे, १०८ ला फोन करावा, बाटली सोबत घेऊन बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचे इस्पितळ) गाठावे. ओठांवर किंवा जिभेवर फोड नाही म्हणून घरी थांबणारे फार आढळतात. तोंड स्वच्छ दिसूनही अन्ननलिका भाजलेली असू शकते. दुर्बिणीची तपासणी शक्यतो पहिल्या २४ तासांत करतात, कारण पुढे काही दिवस नलिकेची भिंत इतकी कमकुवत होते की ती फाटण्याची भीती असते. खरा त्रास तर काही आठवड्यांनी सुरू होतो: व्रण आकसतो, पेजही उतरत नाही, आणि नलिका पुन्हा पुन्हा रुंद करून घ्यावी लागते.

मूळ लेखक, फोंडा
साबण करणाऱ्यांचा मुद्दा रास्त आहे, तेवढ्यापुरते मत बदलतो. त्यांना पुडीतले घन कॉस्टिक मिळू द्यावे. मात्र तयार द्रावण बिनचिठ्ठीच्या बाटलीत भरून विकणाऱ्या दुकानदाराला कोणत्या साबणासाठी सूट द्यायची, हे डिचोलीकरांनी सांगावे.