मदत हवी आहे : नर्सिंगसाठी जर्मनी की कॅनडा?

नमस्कार. आम्ही औसा तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी कुटुंबातील असून माझी धाकटी बहीण बी.एस्सी. नर्सिंग करून लातूरच्या एका खाजगी रुग्णालयात तीन वर्षे काम करते आहे.

कुशल मनुष्यबळ आपल्याकडे यावे म्हणून देशोदेशी चढाओढ लागली आहे. जर्मनीने २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठीची वार्षिक व्हिसासंख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे जाहीर केले, त्याच वर्षी आपल्या राज्य शासनाने तेथील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, तर कॅनडा २०२३ पासून एक्सप्रेस एंट्रीमध्ये (कायम वास्तव्यासाठी वय, शिक्षण, भाषा यांचे गुण देऊन निवड करण्याची पद्धत) आरोग्यसेवकांसाठी स्वतंत्र निवड करतो.

जर्मनीत पदवीची मान्यता आणि जर्मन भाषा (बहुधा बी-२ पातळी) लागते. कॅनडात इंग्रजी चालते, पण तिशीपासून वयाचे गुण घटू लागतात, आणि ती आता २८ वर्षांची आहे. भाषेसाठी दीड वर्ष दिल्यास कॅनडाची संधी हुकेल का, ही खरी काळजी आहे.

एका दलालाने आगाऊ रक्कम मागितली आहे; वडील त्यासाठी जमीन गहाण ठेवायला निघाले आहेत, ते मला मुळीच पटत नाही.

मराठवाड्यातून नर्स म्हणून गेलेल्या कोणी मान्यतेला प्रत्यक्षात किती काळ लागला आणि जर्मन कोठे शिकलात, हे कृपया सांगावे.