मदत हवी आहे: क्षारपड रानातलं निचऱ्याचं पाणी कृष्णेत कमीत कमी कसं जाईल?

नमस्कार मंडळी, वाळवा तालुक्यात नदीकाठाला आमचं साडेचार एकर काळं रान आहे. पाटपाणी देऊन देऊन खालचा तुकडा असा झाला होता की मार्चात वरंब्यावर मीठ फुटायचं आणि उसाचे डोळे उगवायचेच नाहीत. दोन वर्षांमागं शेजारच्या अकरा जणांनी मिळून खारं पाणी निचरून जायला चार फूट खोल सच्छिद्र पाईप टाकले, जाळी गुंडाळलेले, मुख्य पाईप ओढ्याला काढला. जमीन सुधारली, यंदा त्याच तुकड्यात लावण उभी आहे, त्याबद्दल काही तक्रार नाही.

माझा प्रश्न दुसराच आहे. ओढा अर्ध्या किलोमीटरवर कृष्णेला मिळतो. एक दिवस म्हैस पाईपच्या तोंडाशी पाण्याला गेली, तोंड लावलं आणि फुरफुरून मागं फिरली, ते बघून मी ईसी मीटर (पाण्यातला खारेपणा मोजायचं यंत्र) आणला. पाईपचं पाणी ३, नदीचं ०.५. ईसी १ म्हणजे लिटरला साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार, म्हणजे लाखभर लिटर गेलं की १९० किलो मीठ ओढ्यात, पन्नास किलोची जवळपास चार पोती! आमच्या थोरल्या अक्काला खालच्या गावात दिलीय, तिच्या नळाला हेच नदीचं पाणी. पावसाळ्यात काही नाही, पण मे महिन्यात बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात, पाणी तटून राहतं, आणि अक्का फोनवर सांगते की डाळ शिजता शिजत नाही. ते आमच्याच मिठानं असं मी म्हणत नाही, काठानं ठिकठिकाणी असे पाईप पडतायत, पण आपल्या रानातलं मीठ बहिणीच्या हंड्यात जातंय हे डोक्यातनं जात नाही.

वाचलं की अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या खारेपणासाठी १९७४ साली कायदाच झाला, ग्रँड व्हॅलीत कालव्यांना अस्तर केलं, शेताला पाणी मोजकं दिलं आणि मुळात झिरपाच कमी केला. तिथं जमिनीखाली समुद्रातल्या गाळाचा खारा खडक आहे, आपलं तसं नाही, तरी मुद्दा पटला. मग गणित मांडलं, उसाला मुळाशी १.७ पर्यंत ईसी सोसतो, नदीचं पाणी ०.५, तर क्षार खाली ढकलायला गरजेपेक्षा जेमतेम ६-७ टक्के जादा पाणी पुरतं. आणि आम्ही देतो किती? लाईट रात्रीची, मोटर चालू करून माणूस घरी झोपतो, सकाळी जाऊन बघावं तर शेवटच्या सरीतनं पाणी ओढ्याला लागलेलं.

तर विचारायचं हे की ठिबक केलं तर क्षार मुळाच्या कडेला साठून रान परत बिघडेल का, पाईपच्या तोंडाला व्हॉल्व्ह बसवून उन्हाळ्यात बंद ठेवला तर चालेल का, की हे पाणी शेततळ्यात साठवून आटवावं? कुणी केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद:
दादा, आम्ही मिरजेकडं हेच करतोय. पाईप पूर्ण बंद करू नका. आम्ही तोंडाला एल्बो (काटकोनी जोड) लावून उभा पाईप चढवलाय, रानातलं पाणी जमिनीखाली तीन फुटाच्या वर आलं तरच वाहतं. ते त्याच्याही वर येऊ दिलं तर काळ्या मातीत उन्हाळ्याची ओल वर चढते आणि मीठ परत माथ्यावर. जून ते सप्टेंबर उभा पाईप काढून ठेवतो, पावसानं रान धुऊन निघतं, नदीलाही तेव्हा भरपूर पाणी असतं. ठिबकनं कडेला साठलेले क्षारही तोच पाऊस खाली नेतो, फक्त अवकाळीची हलकी सर आली म्हणून ठिबक बंद करू नका, कडेचं मीठ मुळाशी सरकतं. तळ्याचं मात्र डोक्यातनं काढा. कॅलिफोर्नियात केस्टरसनला निचऱ्याचं पाणी तळ्यांत साठवलं, त्यात सेलेनियम (जादा झालं की विषारी ठरणारं द्रव्य) वाढलं आणि १९८३ मध्ये पक्ष्यांची व्यंग असलेली पिल्लं सापडली. आपल्याकडं तसंच होईल असं नाही, पण आटलेलं मीठ शेवटी टाकणार कुठं? आणि नुसता ईसी बघू नका, माती-पाणी कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात दाखवा, सोडियम जास्त निघालं तर जिप्सम लागेल.

धागाकर्ता:
लई उपकार दादा. एल्बोचं उद्याच बघतो. अडचण एकच, अकरातले दोघं वरच्या अंगाला आहेत, ते पाट सोडायला तयार नाहीत आणि त्यांचा झिरपा आमच्याच पाईपात येतो. मग उभा पाईप एकट्या मुख्य तोंडाला लावू का मधल्या चेंबरलाही एकेक लागेल?