डीव्हीडींचा बॅकअप: आधी जशीच्या तशी प्रत, हँडब्रेक नंतर

जुनीपेटी

घरातल्या डीव्हीडी कॉम्प्युटरवर घ्यायला कुठलं सॉफ्टवेअर, असं विचारलं की बहुतेक जण डोळे झाकून हँडब्रेक सांगतात. माझा याला विरोध आहे. हँडब्रेक फुकट आहे, ओपन सोर्स आहे, उत्तम आहे. पण ते रूपांतर करतं. डिस्कवरचं, एमपेग-२ या जुन्या पद्धतीने दाबलेलं चित्र उलगडून एच.२६४ किंवा एच.२६५ या नव्या पद्धतींत पुन्हा दाबतं. त्यात जे गेलं ते गेलं. त्याला बॅकअप कसं म्हणायचं?

विकतच्या सिनेमांसाठी माझं मत मेकएमकेव्हीला. ते चित्राला आणि आवाजाला हात लावत नाही, डिस्कवरच्या व्हीओबी फाइलींतून काढून एमकेव्ही प्रकारच्या फाइलीत भरतं. चॅप्टर, सगळे ऑडिओ ट्रॅक, सबटायटल शाबूत राहतात, मेनू तेवढा जातो. डीव्हीडीसाठी पैसे पडत नाहीत. एक सेटिंग मात्र आवर्जून बघा: १२० सेकंदांहून छोटे भाग ते आपणहून वगळतं. गाण्यांच्या आणि मुलाखतींच्या डिस्कवर असे तुकडे बरेच असतात. ती मर्यादा शून्यावर आणा.

लग्नामुंजीच्या डिस्कना विकतच्या डिस्कसारखं नक्कल रोखणारं कुलूप नसतं, तिथे इम्गबर्नने सरळ आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली हुबेहूब प्रत काढा. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे, तरी काम चोख. आणि सुरुवात याच डिस्कपासून करा. राइट केलेल्या डिस्कवर माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर उन्हाने, उष्णतेने खराब होतो. सिनेमा पुन्हा कुठेतरी मिळेल, आजीचा आवाज मिळणार नाही.

टीव्हीसमोर

सपशेल असहमत. प्रत कोणासाठी काढायची? माझ्या आईला पेनड्राइव्ह टीव्हीला लावून नाटक बघायचं असतं. आमच्या टीव्हीवर आयएसओ उघडतच नाही. मग ती फाइल कपाटातल्या डिस्कइतकीच निरुपयोगी.

शिवाय जागेचं बघा. दुहेरी थराची डिस्क ८.५ जीबीची. सरासरी सात जीबी आणि दोनशे डिस्क धरल्या तर १.४ टीबी झाले. दुसरी प्रत ठेवायची तर दुप्पट, आणि दुसरी प्रत फार थोडे लोक ठेवतात. हँडब्रेकमध्ये आरएफ, म्हणजे दर्जाचा आकडा, २० ठेवला की दोन तासांचा सिनेमा साधारण एक-दीड जीबीत बसतो. एकाच हार्डडिस्कवरच्या आठ जीबीच्या फाइलपेक्षा दोन घरांत ठेवलेली दीड जीबीची फाइल मला जास्त सुरक्षित वाटते.

जुनीपेटी

दोन घरांचा मुद्दा बिनतोड आहे, तो मान्य. पण तुम्ही नाटकाचं उदाहरण दिलंत आणि नेमकी तिथेच हँडब्रेकची घाई नडते. व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित केलेलं नाटक पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचं, ७२० × ५७६, इंटरलेस्ड असतं, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत, फील्डमध्ये, विभागलेलं. सेकंदाला ५० फील्ड. नटाने हात झटकला की कॉम्प्युटरवर हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. नेहमीच्या सेटिंगवर हँडब्रेक त्या रेघा घालवतं, पण सेकंदाला २५ चित्रंच उरतात, अर्धी हालचाल कायमची गेली. इंटरलेस काढायची पद्धत पुढे आणखी सुधारेल. तेव्हा मूळ फील्ड हाताशी असतील तरच तिचा उपयोग.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. मेकएमकेव्ही इतक्या सहज सुचवू नका, ते विकतच्या डिस्कचं कुलूप तोडूनच प्रत काढतं. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतः विकत घेतलेल्या डिस्कचं हे कुलूप (सीएसएस) तोडायलाही मनाई आहे. भारतात २०१२ च्या दुरुस्तीत कॉपीराइट कायद्यात आलेलं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूवर बोट ठेवतं, त्यामुळे तिथली परिस्थिती वेगळी. वाचणारा कुठे राहतो हे धरून सल्ला द्यायला हवा.

रीजनचंही, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल त्याच्या आकड्याचंही, कुणी बोललं नाही. भारत रीजन ५, अमेरिका रीजन १. ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, नंतर तो कायमचा तिथेच अडकतो. आधी कव्हरच्या मागे पृथ्वीगोलाच्या चिन्हात कोणता आकडा आहे ते बघा. भारतातून आणलेल्या बऱ्याच डिस्क सगळ्या रीजनना चालतात, मग ड्राइव्हला हात लावायची गरजच नाही.

मेनूप्रेमी

मला मेनू हवाच. डीव्हीडी श्रिंक वापरतो, ८.५ जीबीचं ४.७ मध्ये बसतं, मेनूसकट.

जुनीपेटी

ते मेनू ठेवतं, पण चित्र पिळून. शेवटची आवृत्ती २००४ ची आणि तिचा हेतू होता एका थराच्या कोऱ्या डिस्कवर मावणं. आता हार्डडिस्कवर ठेवताना ती काटछाट कशाला? मेनू हवा तर डिस्कवरचं पूर्ण व्हिडिओ_टीएस फोल्डर नाहीतर आयएसओ ठेवा, व्हीएलसी प्लेअर दोन्ही मेनूसकट चालवतो.

ओरखडे

चांगल्या डिस्क कशानेही निघतात. खरी निवड अडकणाऱ्या डिस्कसाठी करायची असते. तिथे लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू. ते आधी वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागांची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतं आणि मग त्या जागांवर पुन्हा जातं. तीच मॅप फाइल देऊन डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की काम तिथूनच पुढे सुरू होतं. एका ड्राइव्हला न वाचलेले सेक्टर दुसरा वाचतो, असं पुष्कळदा होतं. घरगुती डिस्कसाठी मी हेच सांगेन, इम्गबर्न नाही.

टीव्हीसमोर

लग्नाच्या आणि नाटकांच्या डिस्कचा आयएसओ काढायला मी तयार आहे. सिनेमांच्या बाबतीत मत बदललेलं नाही, तिथे हँडब्रेकच. पण आईसाठी नाटकाची छोटी प्रत लागणारच. त्यात ५० चित्रं कशी राखायची?

जुनीपेटी

हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये डीइंटरलेसला यादिफ निवडा, त्याचा प्रीसेट बॉब, तो प्रत्येक फील्डचं वेगळं चित्र करतो. मग व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट ५० करा, कारण ५७६ चा तयार प्रीसेट तो २५ वर आणून ठेवतो. आधी पाचच मिनिटांचा तुकडा काढून आईंच्या टीव्हीवर लावून बघा.