मदत हवी आहे: घरी केलेल्या लोड टेस्टरचा मॉसफेट ३ अँपिअरला उडाला

नमस्कार मंडळी,

दादरला आमच्या सोसायटीत सीसीटीव्हीसाठी १२ व्होल्ट, १० अँपिअरचा सप्लाय आहे. दिवसभर सगळं ठीक. अंधार पडला, कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागले की एकेक कॅमेरा बंद-चालू व्हायला लागतो. नुसता मीटर लावला तर १२.१ व्होल्ट दिसतात, म्हणजे लोड टाकूनच तपासायला हवं.

आधी गाडीचा ५५ वॅटचा हॅलोजन लावला. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स इतका कमी की सप्लाय लगेच प्रोटेक्शनमध्ये गेला. मग लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सामान आणून कॉन्स्टंट करंट लोड (ठरवलेला करंट कायम ओढणारं सर्किट) बांधला. एलएम३५८ (एका चिपमध्ये दोन ऑप-अँप), आयआरएफझेड४४एन (मॉसफेट, म्हणजे गेटच्या व्होल्टेजने ड्रेन ते सोर्स करंट आवरणारा ट्रान्झिस्टर) आणि त्याच्या सोर्सला ०.१ ओहमचा ५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर, म्हणजे करंट मोजायचा शंट. पॉटने (फिरवायच्या रेझिस्टरने) ०.३ व्होल्ट दिले की ३ अँपिअर. हीटसिंक जुन्या कॉम्प्युटरचा, पंख्यासकट. मध्ये मायका आणि पेस्ट.

२ अँपिअरला अर्धा तास छान चालला. ३ ला नेल्यावर मीटरचा शेवटचा आकडा नाचायला लागला आणि ओट्यावरचा आईचा रेडिओ, मीडियम वेव्हवर होता, खरखरू लागला. पॉट मागे घेतला की खरखर बंद, पुढे नेला की परत सुरू. हीटसिंकला हात लावला तर सोसेल इतकाच गरम. पाचेक मिनिटांत सप्लाय बसला. तपासलं तर ड्रेन-सोर्स शॉर्ट.

३६ वॅटला, पंखा चालू असताना, नुसत्या उष्णतेने तो गेला असेल असं मला वाटत नाही. रेडिओमुळे ऑसिलेशनचाच, म्हणजे सर्किट आपोआप वेगाने वरखाली होत असल्याचा संशय येतो. माझी चूक अशी की ऑप-अँपचं आउटपुट थेट गेटला जोडलंय, आणि सप्लायपासून लोडपर्यंतच्या वायरी चांगल्या दीड मीटर आहेत. आता गेटला १०० ओहम, शंटपासून ऑप-अँपच्या मायनस पायापर्यंत १ के (१००० ओहम), आणि आउटपुट ते मायनस १ नॅनोफॅरड असं करायचा विचार आहे. एवढ्याने शांत होईल का? कपॅसिटर किती ठेवता तुम्ही?

दुसरी शंका. डेटाशीटमधल्या सेफ ऑपरेटिंग एरियाच्या (किती व्होल्टला किती करंट किती वेळ सोसेल, त्याच्या) आलेखात १० मिलिसेकंदापर्यंतच्याच रेषा आहेत, डीसीची, म्हणजे सतत चालण्याची, नाहीच. मग असा स्विचिंगचा मॉसफेट लिनिअरमध्ये, म्हणजे अर्धवट चालू ठेवून, तासभर चालवणं मुळातच धोक्याचं आहे का? आयआरएफपी२५०एन घ्यावा, की दोन मॉसफेट लावून प्रत्येकाला स्वतंत्र शंट आणि ३५८चा एकेक अर्धा भाग द्यावा? मला ८ अँपिअरपर्यंत जायचंय, म्हणजे जवळजवळ १०० वॅट.

ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) नाही माझ्याकडे. शनिवारी परत लॅमिंग्टन रोडला जातोय, त्याआधी कोणी सांगितलं तर एकाच खेपेत सगळं आणता येईल. रात्री जिन्याचे कॅमेरे अजून बंद पडताहेत.