सामायिक डिझाइन: एकच मूळ टेम्प्लेट की प्रत्येक डेटाबेसला आपापली प्रत?

मूळप्रत:
डॉमिनोवर, म्हणजे नोट्सचे डेटाबेस चालवणाऱ्या सर्व्हरवर, अनेक ॲप्लिकेशने सांभाळणाऱ्यांना एका जाणत्या सदस्याने परवा सल्ला दिला की, सामायिक डिझाइनचा (एकाच टेम्प्लेटमधून, म्हणजे नमुना-डेटाबेसमधून, सगळ्यांनी फॉर्म आणि कोड घेण्याचा) नाद सोडावा, लागेल ते प्रत्येक डेटाबेसमध्ये कॉपी-पेस्ट करावे आणि निर्धास्त राहावे. त्याला भराभर अनुमोदन मिळाले, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. तारखा तपासणारी एकच स्क्रिप्ट लायब्ररी (पुन्हा पुन्हा वापरायचा कोडसंच) वीस-तीस डेटाबेसांत चिकटवली, की तिच्यातला दोष एका ठिकाणी दुरुस्त होतो आणि उरलेल्या ठिकाणी तसाच राहतो. पुढे कोणती प्रत खरी, हे ती लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. खरे तर डेटाबेसचे मुख्य टेम्प्लेट कोणतेही असो, एखाद्या सबफॉर्मच्या (अनेक फॉर्ममध्ये बसणाऱ्या तुकड्याच्या) किंवा लायब्ररीच्या गुणधर्मांत वेगळ्या टेम्प्लेटचे नाव देऊन तेवढाच घटक सामायिक टेम्प्लेटला जोडता येतो, आणि रात्री एक वाजता सर्व्हरवर चालणारे डिझाइन टास्क टेम्प्लेटमधले बदल डेटाबेसांत उतरवते. ही सोय हाताशी असताना कॉपी-पेस्टला शहाणपण म्हणणे मला मुळीच पटत नाही.

स्वायत्त:
तो सल्ला माझा होता आणि मी त्यावर ठाम आहे. सामायिक लायब्ररीतल्या क्लासमध्ये कोणीतरी एक पब्लिक सदस्य वाढवतो, रात्री ती लायब्ररी सगळीकडे पोहोचते, आणि सकाळी रजेचा अर्ज उघडणाऱ्याला ‘टाइप मिसमॅच ऑन एक्स्टर्नल नेम’ हा संदेश दिसतो, कारण लायब्ररी बदलली तरी तिच्यावर अवलंबून असलेला लोटसस्क्रिप्ट (नोट्सच्या प्रोग्रॅमिंग भाषेतला) कोड पुन्हा कंपाइल झालेला नसतो. प्रती वेगळ्या असत्या तर एक ॲप्लिकेशन अडले असते. इथे रजा, खरेदी आणि तक्रारी एकाच सकाळी ठप्प होतात. ज्याने बदल केला तो बैठकीत असतो, आणि फोन मात्र माझा वाजतो.

मूळप्रत:
हा दोष वारशाचा, म्हणजे टेम्प्लेटमधून डिझाइन घेण्याचा, नसून बेशिस्तीचा आहे. सामायिक क्लासची बाहेरून दिसणारी रचना बदलायची असेल, तर त्यावर अवलंबून असलेली सगळी टेम्प्लेटे आधी चाचणी सर्व्हरवर रिफ्रेश (टेम्प्लेटवरून अद्ययावत) करून तिथेच ‘रिकंपाइल ऑल’ करावे लागते. एवढे कष्ट नको असणाऱ्याने सामायिक लायब्ररीला हात लावू नये.

रात्रपाळी:
सर्व्हर मी सांभाळतो, म्हणून तुम्ही दोघेही टाळत असलेला मुद्दा मांडतो. खरी डोकेदुखी म्हणजे चालू डेटाबेसमध्ये थेट डिझायनर (डिझाइन बदलण्याचे साधन) उघडून बदल करणारे लोक. एका जुन्या कार्यालयात एका विकासकाने दुपारी थेट खऱ्या डेटाबेसमधला फॉर्म दुरुस्त केला, टेम्प्लेटला स्पर्श केला नाही, आणि रात्री डिझाइन टास्कने तो फॉर्म टेम्प्लेटप्रमाणे पूर्ववत केला. दुसऱ्या दिवशी ‘प्रशासकाने आमचे काम पुसले’ अशी लेखी तक्रार वरिष्ठांकडे गेली. दोन टेम्प्लेटांना एकच नाव देऊन ठेवल्याचा इशारा सर्व्हर लॉगमध्ये रोज लिहितो, तोही वाचण्याची तसदी कोणी घेत नाही.

स्वायत्त:
तुम्ही वापरकर्त्यांसमोर कधी बसला आहात का? महिनाअखेरीस मंजुरीचे बटण चालत नसताना टेम्प्लेट, चाचणी, परवानगी, मग रिफ्रेश ही यात्रा करायला वेळ कोणाकडे असतो? अशा वेळी मी थेटच बदल करतो आणि त्या घटकावर ‘प्रोहिबिट डिझाइन रिफ्रेश’ची, म्हणजे टेम्प्लेटवरून तो बदलू न देणारी, खूण करतो. त्या खुणेची तरतूद त्यासाठीच आहे.

रात्रपाळी:
आणि ती खूण काढतो कोण? खूण राहून जाते, सामायिक टेम्प्लेटमधली पुढची प्रत्येक सुधारणा त्या फॉर्मला वगळून जाते, आणि एकाच ॲप्लिकेशनमध्ये जुना-नवा कोड शेजारी शेजारी नांदतो. तातडीच्या नावाखाली तुम्ही पुढच्या माणसाच्या वाटेत खड्डे खणून ठेवता, हे स्पष्ट बोलणे भाग आहे.

स्वायत्त:
खड्डे खणण्याचा आरोप मी सहन करणार नाही. ज्या रात्री तुमचे वेळापत्रक चालते, त्या रात्री काही बिघडले तर सकाळी उत्तर मला द्यावे लागते. ज्याच्यावर जबाबदारी, त्याच्याच हातात बदलाचा अधिकार असला पाहिजे.

जालकर्मी:
अधिकाराचा वाद बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे येतो. वेबवर आम्ही वारसाही घेत नाही आणि प्रतीही करत नाही; स्टाइलशीट आणि चित्रे एका सामायिक एनएसएफमध्ये (नोट्सच्या डेटाबेस फाइलमध्ये) ठेवून सगळीकडून त्याच पत्त्याने मागवतो. पत्ता एकच असल्यामुळे ब्राउझरच्या कॅशचाही फायदा होतो. जोखीम आहे ती एसीएलची, म्हणजे डेटाबेसच्या परवानग्यांच्या यादीची. त्या एका डेटाबेसमध्ये अनॉनिमसचा (लॉगिन न केलेल्याचा) वाचनाधिकार गेला, की ब्राउझर स्टाइलशीट मागतो आणि त्याच्या हाती लॉगिनचे पान पडते. मग सगळी संकेतस्थळे एकदम उघडीबोडकी दिसतात.

मूळप्रत:
स्टाइलशीटपुरते हे मान्य. पण लॅपटॉपवर स्थानिक रिप्लिका (डेटाबेसची सर्व्हरशी जुळवून घेतली जाणारी प्रत) घेऊन फिरणाऱ्या माणसाला सर्व्हरवरचा पत्ता उपयोगाचा नाही. वारशाने आलेले डिझाइन डेटाबेसमध्येच असते, त्यामुळे ते रिप्लिकेशनबरोबर त्याच्यापर्यंत पोहोचते. नोट्स क्लायंटसाठी वारसा आणि वेबसाठी सामायिक पत्ता, अशी विभागणी मी करेन. एक्सपेजेसची (डॉमिनोच्या वेब-पानांच्या तंत्राची) घटक-लायब्ररी सर्व्हरवर प्लगइन म्हणून बसवणारेही आहेत, मात्र तिथे प्रत्येक बदलानंतर एचटीटीपी टास्क (वेब-पाने पुरवणारा सर्व्हरचा भाग) पुन्हा सुरू करावे लागते आणि ते दिवसाढवळ्या करता येत नाही.

स्वायत्त:
स्टाइलशीट, चित्रे आणि पत्ता भरण्याचा सबफॉर्म सामायिक ठेवायला माझी हरकत नाही, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. क्लास असलेली एकही लायब्ररी मात्र मी वारशावर सोडणार नाही.

रात्रपाळी:
तसे असेल तर ज्या घटकांवर रिफ्रेश रोखणारी खूण केली आहे त्यांची यादी, कारण आणि तारखेसह, मला लेखी द्यावी. ती मिळाली तर डिझाइन टास्कबद्दल तुमच्याशी पुन्हा वाद घालणार नाही.

स्वायत्त:
यादी देईन. पण कोणत्या टेम्प्लेटमध्ये बदल होणार आहे, हे तुम्हीही मला आदल्या दिवशी कळवले पाहिजे. इतके दिवस ते मला दुसऱ्या दिवशीच्या फोनवरून कळत आले आहे.