ड्रॉइंगवर पार्टचं नाव नाही, ट्रेडर दुबईचा. ऑर्डर घ्यावी का?

शिरोलीकर:
शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना आहे. पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर यांच्या कास्टिंगवरच आजवर भागलं. सध्या भट्टी निम्मे दिवस थंड असते, विजेचा डिमांड चार्ज मात्र चुकत नाही. अशात दुबईच्या एका ट्रेडरची चौकशी आली. एसजी आयर्न (चिवट ओतीव लोखंड), ४०० नग, नुसतं रॉ कास्टिंग, मशिनिंग ते करणार. पैसे सगळे ॲडव्हान्स! पार्ट गोल, आतून पोकळ, एका टोकाला निमुळता. ड्रॉइंगचा टायटल ब्लॉक (पार्टचं नाव असतं तो चौकोन) पुसून पाठवलाय. माल शेवटी कुठं जाणार विचारलं, तर म्हणे 'मिडल ईस्ट'. पॅटर्नवाला (साच्यासाठी नमुना बनवणारा) म्हणतो, घे डोळे झाकून. वडील म्हणतात, असलं काही ओतायचं नाही. नुसतं ओतीव देणाऱ्याला परवाना लागतो का?

गोकुळ शिरगाव:
लागू शकतो. डीजीएफटीची (परकीय व्यापार महासंचालनालयाची) स्कोमेट यादी, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची यादी, उघडा आणि सहावा गट बघा, तो लष्करी मालाचा. त्यात ६ए०१६ वाचा. लष्करी वस्तूंसाठी खास बनवलेली फोर्जिंग, कास्टिंग आणि अर्धवट तयार माल, सगळं तिथं आहे. म्हणजे 'आम्ही फक्त ओतलं' ही पळवाट चालत नाही. पंपाची बॉडी असेल तर प्रश्न नाही. पण मॉर्टारच्या (उखळी तोफेच्या) बॉम्बचं कवचही एसजी आयर्नमध्येच ओततात, आणि तुम्ही सांगितलेला आकार वाचून मला तेच आठवलं. कदाचित तसं नसेलही. पण पुसलेला टायटल ब्लॉक आणि सगळा ॲडव्हान्स एकत्र आले की मी तरी पॅटर्न टाकत नाही. आपल्याकडे ॲडव्हान्स मागून मागून घसा कोरडा पडतो, इथं न मागता देतायत!

लष्करी माल निघाला तर परवानगी संरक्षण उत्पादन विभागाची. शेवटच्या वापरणाऱ्याचं, त्याच्या लेटरहेडवरचं एंड-यूज सर्टिफिकेट लागतं, ट्रेडरचं चालत नाही. परवानगीविना पाठवलं तर १९९२ च्या परकीय व्यापार कायद्यात आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) रद्द होऊ शकतो. मग पंपवाली गिऱ्हाइकंही गेली.

सीएचए (कस्टम एजंट), कोल्हापूर:
वरच्या साहेबांशी सहमत. शिपिंग बिलावर 'आयर्न कास्टिंग' एवढंच लिहून न्हावा शेवातून माल सुटेलही, पण तिथं तपासणीत धरला तर तुम्ही एकटे उभे, ट्रेडर फोन उचलत नाही. आणखी एक, दर सीआयएफ (जहाजाचं भाडं आणि विमा आपल्याकडे) देऊ नका. मरीनच्या साध्या पॉलिसीत युद्ध वगळलेलं असतं. वॉर क्लॉज वेगळा घ्यावा लागतो, तोही माल जहाजावर असेपर्यंतच्या जोखमीसाठी, पुढच्या ट्रकला नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले तेव्हा युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि जादा भाडं सीआयएफवाल्यांच्या बोडक्यावर बसलं.

शिरोलीकर:
आभार. पूर्ण ड्रॉइंग आणि एंड-यूज सर्टिफिकेट मागितलं. उत्तर आलं, 'दुसरी फाउंड्री तयार आहे.' वडील खूश, पॅटर्नवाला नाराज. शिरोलीत किंवा कागलला आणखी कुणाला हेच ड्रॉइंग आलंय का? आलं असेल तर इथं लिहा.