टी-४ च्या गोळीसोबत टी-३ सुरू करावी का? अनुभव हवे आहेत

प्रश्न (अमळनेर)

मी माध्यमिक शाळेत शिकवते, वय ४६. हाशिमोटो आजारामुळे (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते) थायरॉइड मंदावली असून बरीच वर्षे लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचे टी-४ हे हार्मोन, गोळीतून घेते. सध्या ८८ मायक्रोग्रॅम, सकाळी उपाशीपोटी. टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे हार्मोन) २.१ आहे आणि फ्री टी-४, म्हणजे रक्तातले मोकळे टी-४, सुद्धा मर्यादेत आहे. तरीही दुपारच्या तासाला मुलांसमोर ओळखीचा शब्द ओठांवर येत नाही आणि संध्याकाळी कळण्याची भाकरी थापताना हात भरून येतात. रिपोर्ट पाहून घरचे म्हणतात की तुला काहीच झालेले नाही. नाशिकच्या हार्मोनतज्ज्ञांनी आता ८८ ऐवजी ७५ आणि सोबत लायोथायरोनिन, म्हणजे टी-३ हे थायरॉइडचे दुसरे हार्मोन, रोज ५ मायक्रोग्रॅम असे सुचवले आहे. येथे केमिस्टकडे २० मायक्रोग्रॅमची गोळी मिळाली, म्हणजे तिचा पाव भाग घ्यावा लागेल. ज्यांनी अशी जोड-औषधे घेतली आहेत त्यांना फरक पडला का, धडधड झाली का आणि रक्त तपासायला केव्हा दिले, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर (भुसावळ)

ताई, माझ्या पत्नीची थायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेने पूर्ण काढलेली आहे, त्यामुळे तिची स्थिती आपल्याहून वेगळी आहे, हे आधी लक्षात घ्यावे. निरोगी ग्रंथी मुख्यतः टी-४ तयार करते आणि थोडे टी-३ थेट रक्तात सोडते. बाकीचे टी-३ शरीर टी-४ पासून बनवून घेते. ग्रंथीच नसेल तर तो थेट येणारा वाटा पूर्ण बंद होतो, म्हणून तिच्या डॉक्टरांनी १५० ऐवजी १२५ आणि टी-३ चे ५ सकाळी, ५ दुपारी असे ठरवले. युरोपीय थायरॉइड संघटनेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत टी-४ आणि टी-३ चे प्रमाण १३:१ ते २०:१ असावे असे म्हटले आहे. आमचे प्रमाण त्याच्या किंचित बाहेर जाते म्हणून तपासण्या जरा लवकर होतात. आपले ७५ आणि ५ हे १५:१ होते, म्हणजे त्या चौकटीत बसते.

फरक पडला, पण तो सकाळी उठल्याबरोबर जाणवणारा नव्हता. पहिले काही आठवडे उलट धडधड वाढली, कारण टी-३ रक्तात दोन ते चार तासांत शिखर गाठते आणि टी-४ सारखे संथपणे काम करत नाही. दोन वेळांत विभागल्यावर ती धडधड बसली. नंतर मात्र तिचे चेहरा सुजल्यासारखे दिसणे आणि दिवसभराची झापड कमी झाली, असे ती स्वतः सांगते. तपासणीचे म्हणाल तर ज्या दिवशी रक्त द्यायचे त्या दिवशी दोन्ही गोळ्या रक्त दिल्यानंतरच घ्याव्यात. गोळी घेऊन लगेच रक्त दिले तर फ्री टी-३ उगाच वर दिसते.

उत्तर (धुळे)

माझा अनुभव याच्या उलट आहे आणि तोही नोंदवला पाहिजे. मी टी-३ काही महिने घेतले, फरक पडला नाही, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद केले. त्यानंतर तपासले तेव्हा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ जीवनसत्त्व दोन्ही खाली होते, आणि ते भरून काढल्यावर माझा थकवा बराच उतरला. आपल्या भागात शाकाहारी घरांतल्या बायकांनी ही तपासणी आधी करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण ४६ च्या आहात; पाळीचा काळ संपत येताना झोप मोडते आणि शब्दही निसटतात, तो भाग थायरॉइडवर ढकलू नये.

संशोधनही एकतर्फी नाही. १९९९ मध्ये एका लहान अभ्यासात जोड-औषधांनी मनःस्थिती सुधारल्याचे दिसले आणि सगळीकडे आशा वाढली. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचा २००६ मध्ये एकत्र आढावा घेतला तेव्हा थकवा, वजन किंवा जीवनमान यांत ठळक फरक आढळला नाही. तरी काही अभ्यासांत कोणते औषध कोणते हे न सांगता रुग्णांना निवड विचारली तेव्हा बऱ्याच जणांनी जोड-औषधच पसंत केले. त्यामुळे मी त्याला थोतांड म्हणणार नाही. मर्यादित काळ करून पाहण्याचा प्रयोग म्हणेन.

उत्तर (शहादा, निवृत्त औषधनिर्माता)

दोन्ही उत्तरे वाचली; काउंटरमागे उभे राहून जे पाहिले ते सांगतो. २० च्या गोळीचे चार भाग सुरीने केले तर एक भाग मोठा आणि उरलेल्याची भुकटी होते. गोळी कापण्याचे छोटे यंत्र घ्या आणि एकदम सगळ्या गोळ्या कापून ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लेव्होथायरॉक्सिन उष्णता, ओल व प्रकाश या तिन्हींना भिते. स्वयंपाकघरातल्या खिडकीतला डबा त्यासाठी वाईट जागा आहे. थायरॉइडच्या गोळीनंतर कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीसाठी चार तासांचे अंतर ठेवा, चहा किमान अर्धा तास थांबवा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद करा, कारण काही लॅबच्या यंत्रांत त्याने आकडे चुकतात.

गरोदरपणात, किंवा त्याची तयारी असताना, टी-३ ची जोड देत नाहीत; गर्भाच्या मेंदूला आईचे टी-४ लागते. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी तर हा विचार ईसीजीशिवाय करूच नये. प्राण्यांच्या ग्रंथीपासून बनवलेली पूड कोणी सुचवली तर तिच्यात टी-४ आणि टी-३ साधारण ४:१ असतात, म्हणजे टी-३ माणसाच्या गरजेपेक्षा बरेच जास्त पडते.

मूळ प्रश्नकर्ती (अमळनेर)

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. हिमोग्लोबिन तपासले होते, फेरिटिन मात्र कधीच नाही. ते आणि बी-१२ या आठवड्यात करून घेते आणि ईसीजीबद्दल नाशिकला फोनवर विचारते. ते अहवाल येईपर्यंत ८८ चीच गोळी चालू ठेवणार आहे. धुळ्याच्या ताईंना एक विचारायचे आहे: टी-३ बंद करताना टी-४ लगेच पूर्वीइतके वाढवले होते का?

उत्तर (धुळे)

होय, त्याच दिवसापासून. टी-३ चा प्रभाव काही दिवसांत ओसरतो, टी-४ ला मात्र स्थिर व्हायला आठवडे लागतात, म्हणून माझ्या डॉक्टरांनी टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहिले आणि त्याआधी डोसला हात लावला नाही.